निघालेला भुंगेरा

जून संपत आला होता तेव्हाची गोष्ट. संध्याकाळी अर्धा तास पाऊस पडून गेलेला, त्यानंतर आमच्या नागपुरात जे होतं तेच झालं, म्हणजे गारवा कमी आणि वाफच जास्त. मी किचनमध्ये पोळ्या लाटत होते, हॉलमध्ये टीव्हीवर आपले अंतराळवीर शुभांशु शुक्ला अंतराळ स्थानकात तरंगत होते आणि आई (माझ्या सासूबाई) तो आवाज मोठा करून ठेवत होत्या कारण त्यांना ऐकू कमी येतं. खिडकीच्या जाळीला एका कोपऱ्यात भोक आहे, दोन वर्षं झाली, बदलू बदलू करून राहिलं आहे. त्यातून एक तपकिरी भुंगेरा आत आला आणि ट्यूबलाईटवर आपटायला लागला. टक. मग एक चक्कर. परत टक. चार-पाचदा आपटला आणि शेवटी परातीच्या बाजूला ओट्यावर उताणा पडला, पाय हलवत. चप्पल पायातून हातात कधी आली मला कळलंच नाही. मारलं, फडक्याने पुसलं, फडकं सिंकमध्ये टाकलं आणि पुढची पोळी तव्यावर. वळून पाहते तर पिहू दारात उभी, काखेत पुस्तक.

"मम्मी, तो तर निघाला होता ना."

मी म्हटलं, अगं तो पडला तेव्हाच मेला होता. असं मी अगदी सहज, पोळी उलटता उलटता म्हटलं. तिने माझ्या हातातल्या चपलेकडे पाहिलं. काही बोलली नाही आणि गेली. मला खटकलं ते हेच, की ती भांडली नाही. पाच वर्षांची पोरगी एरवी चॉकलेटच्या कागदावरून अर्धा तास भांडते.

आता 'निघाला होता' म्हणजे काय ते सांगायला पुस्तकाचं सांगावं लागेल. सीताबर्डीला रविवारी फुटपाथवर जुनी पुस्तकं पसरून बसतात, तिथून ते साठ रुपयांना आणलेलं. चाळीसला देत नव्हता. इंग्लिश आहे, जाड गुळगुळीत पानांचं, पहिल्या पानावर कुठल्यातरी मुलीचं नाव पेनाने लिहून मग खोडलेलं, आणि वास असा की कोणाच्या तरी कपाटात डांबराच्या गोळ्यांसोबत राहिलं असावं. गोष्ट एवढीच, की एक छोटा काळा किडा असतो, त्याला चंद्राच्याही पलीकडे जायचं असतं. बाकीचे किडे विचारतात की वर खायला काय आहे. तो अक्रोडाच्या अर्ध्या टरफलाचं हेल्मेट करतो, गवताच्या पात्यावर बसून उडी मारतो, पडतो, पतंगाच्या शेपटीला लटकतो, पडतो. असं पडत पडत सोळा पानं जातात. मी वाचताना मराठीत करून सांगते, त्यामुळे दर वेळी गोष्ट थोडी बदलते आणि पिहू मला पकडते, "काल तू शेपूट म्हटलं होतं, आज दोरी काहून म्हणून राहिली?" त्या किड्याचं मराठी काय करावं यावर मी बरंच अडले होते. किडा म्हटलं की किळस येते, भुंगा म्हटलं की कमळ आणि कविता येते. मग आई म्हणाल्या, भुंगेरा म्हण. तेव्हापासून तो भुंगेरा. आणि अक्रोडाऐवजी मी शेंगेचं टरफल करून टाकलं, कारण अक्रोड आमच्या घरी दिवाळीच्या डब्यातच दिसतो.

खरं सांगायचं तर मला ही पुस्तकं फार आवडत नाहीत. सगळीकडे तेच, छोटं कोणीतरी, मोठं स्वप्न, सगळे हसतात, शेवटी सगळे टाळ्या वाजवतात. हसणारेच टाळ्या वाजवतात, आणि कोणालाच त्याचं काही वाटत नाही. पण या पुस्तकात एक पान आहे, अकरावं की बारावं, त्यावर एकही शब्द नाही. पूर्ण पान गडद निळं आणि खाली अगदी कोपऱ्यात तो किडा उताणा पडलेला, हेल्मेट बाजूला घरंगळलेलं, पाय वर. त्या पानावर पिहू नेहमी थांबते आणि बोट ठेवते. मी ओट्यावर पाहिलेलं चित्र तेच होतं हे मला रात्री गादीवर पडल्यावर लक्षात आलं.

आईंना काहीच वाटलं नव्हतं. त्या काटोलकडच्या, शेतातल्या. दुसऱ्या दिवशी चहा पिताना त्यांनी नातीला सरळ सांगून टाकलं, "अवं, तो हुमणीचा भुंगेरा. तो काय चंद्रावर चालला? त्याचं पोट्टं जमिनीत राह्यते अन् भुईमुगाच्या मुया खाऊन टाकते. मारलं ते बरंच केलं तुह्या मायनं." पिहूने विचारलं, जमिनीत किती दिवस राहते? आई म्हणाल्या, वर्षभर धर. अंधारात? हो मग, जमिनीत काय लाईट राह्यते? हे मला माहीत नव्हतं, म्हणजे हुमणी हा शब्द पेपरात वाचलेला, शेतकऱ्यांचं नुकसान वगैरे, पण जमिनीतलं ते आणि ओट्यावर पडलेलं हे एकच हे डोक्यात जोडलं गेलं नव्हतं. मग ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत वाचत बसले. अळी पांढरी, इंग्रजी सी सारखी वळलेली, महिनोन्महिने मातीत मुळं खात राहते. मग कोष, मग भुंगेरा, आणि भुंगेरा झाला तरी लगेच बाहेर येत नाही, जमिनीतच वाट पाहत बसतो. पहिला दमदार पाऊस पडला, माती ओली झाली, की संध्याकाळी अंधार पडता पडता सगळे एकदम बाहेर पडतात आणि कडुलिंबावर, बाभळीवर जातात. शेतकरी दिवा लावून खाली पाण्याचं घमेलं ठेवतात ते यांच्याचसाठी.

म्हणजे आयुष्यभर जो मातीत होता, त्याची वर उडायची ती पहिली नाहीतर दुसरी संध्याकाळ असणार. आणि त्याला सापडली आमच्या किचनची जाळी.

बरं, दिव्यावरच का आपटतात हे पण वाचलं, कारण मला लहानपणापासून वाटायचं की त्यांना दिवा म्हणजे चंद्र वाटतो. शाळेत असंच सांगितलं होतं. २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी हाय-स्पीड कॅमेरे लावून बघितलं तर भलतंच निघालं. उडणारे बरेच किडे आपली पाठ उजेडाकडे ठेवतात, कारण लाखो वर्षं रात्रीसुद्धा वरचं आकाश खालच्या जमिनीपेक्षा उजळच असायचं, तेव्हा उजेड तिकडे वर आणि अंधार तिकडे खाली, एवढा साधा हिशोब. मध्ये दिवा आला की हिशोब चुकतो. दिव्याच्या बाजूने जाताना पाठ दिव्याकडे वळते, मग तो गोल गोल फिरत बसतो, आणि दिव्याच्या वरून गेला तर चक्क उलटा होऊन पडतो. त्याला दिव्यापाशी यायचं नसतंच. त्याला फक्त आकाश कुठे आहे ते कळत नसतं. माझ्या घरात आकाश म्हणजे वीस वॉटची एलईडी पट्टी, तिच्या एका टोकाला पालीचं घर.

आमच्या लहानपणी नागपुरात हा प्रश्न कमी होता असं मला वाटतं, कारण एप्रिल-मे आम्ही गच्चीवरच असायचो. दिवसभर पंचेचाळीसच्या वर, कूलरमध्ये पाणी ओतून ओतून हात दुखायचे, आणि संध्याकाळी सहाला बाबा गच्चीवर बादल्या ओतायचे. तापलेल्या सिमेंटवर पाणी पडलं की चर्र आवाज आणि एक वास, ओल्या विटेचा, तो मला आजही कुठे आला की मी सातवीत जाते. मग गाद्या, मच्छरदाणीचे बांबू, पाण्याचा माठ. मी उताणी पडून बघायची. आजी सप्तर्षी म्हणायची नाही. ती म्हणायची, ते म्हातारीचं बाजलं, चार खुरांचं, आणि मागचे तीन ते चोर, बाजलं चोरायला आलेले. मी विचारायची मग चोरत का नाहीत? म्हणायची, म्हातारी जागी आहे ना. मला ती म्हातारी सगळ्यात आवडायची, रोज रात्री जागी. आता पिहू एसीत झोपते. तिने चांदण्या पाहिल्या आहेत त्या छताला चिकटवलेल्या, अंधारात हिरव्या चमकणाऱ्या. मीच आणल्या, दोनशे वीसचं पाकीट.

गच्चीवर खरं काही पाहिलं असं सांगायचं तर २०२२ चा गुढीपाडवा. संध्याकाळी सगळी बिल्डिंग वर, कारण आभाळात जळत जळत एक रांग चालली होती, सावकाश, उल्केसारखी झपकन नाही. कोणी म्हणे विमान पडलं, कोणी म्हणे मिसाइल. पिहू कडेवर होती, टाळ्या वाजवत होती. नंतर कळलं चिनी रॉकेटचा तुकडा, आणि त्यातलं दहाएक फूट रुंद धातूचं कडं चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीजवळच्या लाडबोरीत पडलं. माणसं बसलेली असताना गावात आभाळातून कडं पडतं! आम्ही आपले व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ पाठवत बसलो.

गांधीसागरजवळचं रमण विज्ञान केंद्र तसं सगळ्यांचंच. त्यातलं तारांगण १९९७ ला सुरू झालं तेव्हा शाळेने नेलं होतं, रांगेत, डबा आणि पाण्याची बाटली घेऊन. मला आधी आठवतो तो थंडावा, त्याआधी मी एसी फक्त बँकेच्या काचेतून पाहिला होता. मग मागे रेललेल्या खुर्च्या, मानेखाली रेक्झिन, दिवे हळूहळू गेले, मागच्या पोट्ट्यांनी शिट्या मारल्या, आणि मग वर ते सगळं उघडलं. शिट्या थांबल्या. माझ्या बाजूची मैत्रीण पोटात कालवतंय म्हणून डोळे मिटून बसली होती आणि मी तिला हलवत होते की अगं बघ, अगं बघ. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कल्पना चावला अंतराळात गेली. पेपरातला तिचा नारिंगी सूटमधला फोटो मी कापून कंपासपेटीच्या झाकणाला आतून चिकटवला, खळ जास्त झाली म्हणून एक कान सुरकुतला.

तर त्याच सुमारास वर्गात कोण काय होणार ते विचारलं. मी उठून म्हटलं, अंतराळवीर. बाई हसल्या आणि म्हणाल्या, "आधी फळ्यावरचं दिसू दे, मग चांदण्या बघ." मला चष्मा होता, सव्वातीन. सगळा वर्ग हसला, मी पण हसले, खरंच हसले, कारण जोक चांगला होता. बाई वाईट नव्हत्या. मला टायफॉईड झाला तेव्हा त्यांनी घरी मुसंबी आणून दिली होती. त्यांना ते वाक्य संध्याकाळपर्यंत आठवलंही नसेल. मीच कुठेतरी वाचलं की चष्मेवाल्यांना घेत नाहीत, आणि पुढे चौकशी केली नाही, कॉमर्सला गेले. २००३ च्या फेब्रुवारीत कल्पना चावला ज्यात होती ते कोलंबिया यान तुटलं तेव्हा मी कॉलेजमध्ये होते, कंपासपेटी शोधली, सापडली नाही. आता हे सगळं आठवायचं कारण की मागच्या वर्षी, चाळिशीत, भाजी फोडणीला टाकून फोनवर उगाच काहीतरी बघताना वाचलं की नासात चष्मा चालतो. चष्म्याने नीट दिसलं म्हणजे झालं. मी गॅस बारीक करून तिथेच उभी राहिले. गणितात किती होते, इंग्लिश कसं होतं, म्हणजे मी काही जाणार नव्हतेच हो, ते मलाही कळतं. तरी पण कोणावर चिडावं ते न कळून मी कोथिंबीर फार बारीक चिरली.

पिहूचं मात्र सुरूच. खरंच किडे गेले का गं वर? गेले ना. हे मला सांगता आलं याचा मला जरा गर्व झाला. माणसाच्या आधी गेल्या त्या माशा, केळ्यावर घोंघावतात त्या बारीक, १९४७ च्या फेब्रुवारीत, अमेरिकेने रॉकेटमधून शंभर किलोमीटरच्या वर पाठवल्या आणि पॅराशूटने जिवंत खाली आल्या. "आपल्या केळ्यावरच्या?" तशाच. कोळी गेले, १९७३ मध्ये, एका शाळेतल्या मुलीने सुचवलं म्हणून, आणि वजनच नाही म्हटल्यावर आधी जाळं वाकडंतिकडं झालं, मग दोन-चार दिवसांत जमायला लागलं. आणि सगळ्यात भारी म्हणजे कासवं. १९६८ च्या सप्टेंबरमध्ये रशियाची दोन कासवं चंद्राला चक्कर मारून परत आली, तेव्हा माणूस चंद्रापाशी पोचलाही नव्हता, तो डिसेंबरमध्ये पोचला. यावर पिहू पलंगावर उभीच राहिली. ससा कुठे होता? ससा झोपला होता. आणि आता शुक्लाकाकांसोबत जलअस्वलं गेलीत, नुसत्या डोळ्यांनी नीट दिसणार नाहीत एवढी, आठ पायांची. "त्यांना विचारलं होतं?"

नव्हतं विचारलं. कोणालाच नव्हतं.

लायकाचं मी सांगितलं नाही. मॉस्कोच्या रस्त्यावरची कुत्री, १९५७ च्या नोव्हेंबरमध्ये वर पाठवली, परत आणायची सोयच नव्हती. कित्येक वर्षं सांगत राहिले की ती काही दिवस जगली आणि मग शांतपणे गेली. २००२ मध्ये कळलं की काही तासांतच गेली, आत तापमान वाढत गेलं म्हणून. उकाड्याने. मे महिन्यात दुपारी बंद गाडीत पाच मिनिटं बसलेल्या नागपूरकराला हे वाक्य वेगळं लागतं. आणि मग मला माझंच ते आठवलं, पडला तेव्हाच मेला होता. रशियाने जगाला आणि मी पिहूला, सांगायची पद्धत तीच.

त्यापेक्षा तिला मी शेणकिड्याचं सांगितलं. आफ्रिकेतला, शेणाचा गोळा करून मागच्या पायांनी ढकलत नेणारा. त्याला सरळ रेषेत पळायचं असतं, नाहीतर दुसरा येऊन गोळा पळवतो. चंद्र नसलेल्या रात्री तो सरळ कसा जातो हे बघायला शास्त्रज्ञांनी त्याला जोहान्सबर्गच्या तारांगणात नेलं. आपल्या रमण सायन्सच्या तारांगणासारखं? हो, तसंच. वर फक्त आकाशगंगेचा पट्टा लावला तरी शेणकिडा सरळ गेला. डोक्यावर कागदाची टोपी घातली, की भरकटला. हे २०१३ ला छापून आलं आणि त्यांना हसवणारं आणि विचार करायला लावणारं म्हणून इग नोबेल मिळालं. आई तिकडे निवडत असलेली मेथी बाजूला ठेवून ऐकायला लागल्या. "शेणकिड्याले टोपी?" हो आई. "अन् त्याले आकाशगंगा दिसते?" दिसते. आई बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "मले तं इथून नाई दिसत." काटोलला दिसायची, अंगणातून, म्हणाल्या. लग्न होऊन आल्या तेव्हा पण दिसायची म्हणे.

दुसऱ्या आठवड्यात पुन्हा पाऊस झाला, चांगला, रस्त्यावर पाणी साचलं आणि स्कूटर ढकलत आणावी लागली. जेवायला बसलो आणि ते सगळे आले, भुंगेरे थोडे, पंखवाले किडे जास्त, त्या भोकातून, बाल्कनीच्या दाराच्या फटीतून, वरणात एक, पिहूच्या केसांत एक. टक, टक. माझा हात खाली गेलाच, मी खोटं कशाला बोलू, चप्पल बोटांना लागली पण. तेवढ्यात आई उठल्या, गुडघा धरत, आणि त्यांनी बटण बंद केलं. मग हॉलचं. मग टीव्हीचं पण. "बाहेरचा रस्त्यावरचा लाईट चालू हाय, तिकडं जातीन," म्हणाल्या. लोडशेडिंगच्या दिवसांनंतर आम्ही असे अंधारात ताटावर बसलेलो नव्हतो. आधी काहीच दिसेना, मग वाट्यांच्या कडा दिसायला लागल्या, मग बाल्कनीच्या दाराचा चौकोन. डोक्यावरून काहीतरी भर्रकन गेलं. भात निवत होता. पिहूने अंधारात माझा हात शोधला आणि कुजबुजली, "गेले का गं?"

"थांब वं माय," आई म्हणाल्या, "जाऊन राह्यले."